रकाना क्रमांक चार

पहिल्या तीन रकान्यांना माझी हरकत नव्हती:
लामारा, वडील शोता, राहणार चिआतुरा.
चौथ्यात लिहायचं होतं मालाचं नाव,
आणि काउंटरमागची मुलगी
पेनाचं टोपण दातांत धरून थांबली होती.

माल म्हणजे साठ बाटल्या.
हिरव्या, आंबट आलुबुखारांची त्केमाली,
लसूण, शेपू, वाळवलेला रानपुदिना,
आणि मिरची, जी किती ते मी सांगत नाही.

सव्वीस वर्षं मी खाणीच्या प्रयोगशाळेत होते.
मँगनीजच्या भुकटीच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी:
बोगदा सात, दुसरी पाळी, बेचाळीस टक्के.
एकाही बाटलीचं नाव कुणी विचारलं नाही.
हाताला सवय अशी लागली
की पहिल्या वर्षी त्केमालीवरही मी लिहिलं:
फांदी एक. मंगळवार. आंबट, जरा जास्तच.
गिऱ्हाइकं हसली. बाटल्या संपल्या.

भाचा झुराबी म्हणतो, मावशी,
बाहेर विकायचं तर नाव जिभेवरून घसरलं पाहिजे.
त्यानं आणलं होतं: कॉकेशस गोल्ड.
मी म्हटलं, अरे, हिरवी आहे ती.
मुलगी पोलंडहून फोनवर म्हणाली, आई, तुझंच नाव दे.
दिलं असतं.
पण कुताइसीत एक लामारा आधीच आहे,
ती टायर विकते.

मग रविवारी सगळे जेवायला बोलावले.
गोचानं शिंग हातात घेतलं, उभा राहिला,
नाव ठरायच्या आधीच नावासाठी तीनदा प्यायला,
चौथ्यांदा रडला, कशासाठी ते त्यालाही आठवेना.
नाव ठेवायला बसलेली माणसं
बघता बघता नावं ठेवायला लागली:
सॉस पातळ, बाटली बुटकी,
माझ्या गेलेल्या नवऱ्याला धंदा कसा कधी जमला नाही.
मी ताटं उचलली.

खरं सांगायचं तर झाड माझं नाही.
बुंधा ओतारीच्या अंगणात,
एक फांदी तेवढी माझ्याकडे.
अकरा वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपावरून आम्ही भांडलो,
आणि त्यानं माझं नाव टाकलं.
कुंपण होतं तिथं भिंत घातली.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते,
विटेवर वीट, विटेवर वीट,
फांदीपाशी आला आणि थांबला.
करवत त्याच्या पायाशीच पडलेली होती.
त्यानं बोटांनी फांदीची जाडी मापली
आणि भिंतीत तेवढी खाच सोडली,
तेवढीही नाही, थोडी जास्त:
फांदी जाड होत जाते, त्याला माहीत होतं.

काउंटरवर मला ती खाच आठवली.
मी लिहिलं: भिंतीपलीकडची.
मुलीनं वाचलं. हे गाव आहे का, विचारलं.
मी म्हटलं, पत्ता आहे.
तिनं शिक्का मारला, इतका जोरात
की शेजारच्या काउंटरवरचा म्हातारा दचकला.

लेबलं छापून आली. पहिली बाटली
मी भिंतीवर ठेवली, खाचेजवळ,
आणि धुणं वाळत घालायला गेले, बघायचं नव्हतं मला.
तिसऱ्या चादरीला पलीकडून खाकरणं ऐकू आलं.
भिंतीवर ओतारीची टोपी, टोपीखाली चश्मा,
बाटली चश्म्याच्या अगदी जवळ.

‘चुकलंय हे,’ तो म्हणाला.
‘माझ्याकडून बघितलं तर
ही भिंतीअलीकडची आहे.’

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.
तोंडातला चिमटा मी काढला.
म्हटलं, फॉर्म भरून झालाय.